अंगठा आवरायला शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

समोरासमोर आभार मानले असते, तर तुम्ही "चल, आधी चेनला तेल मार" म्हणून विषयच संपवला असता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

पहिल्या दिवशी मी भलत्याच तोऱ्यात आलो होतो. इतकी वर्षं मोटरसायकल चालवलेली, त्यात इथे चार चाकं, म्हणजे पडायचा प्रश्नच नाही. २५० सीसीची ती बुटकी एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटांवर पळणारी, मोटरसायकलसारखं हँडल असलेली आणि अंगठ्याने वेग द्यायची चारचाकी, बघून मला हसूच आलं. पहिल्याच वळणावर हँडल पुरतं वळवलं आणि गाडी सरळ झुडपात. तुम्ही रागावला नाहीत. मागे उकिडवे बसलात आणि ॲक्सलवर बोट ठेवलंत. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी, पण फिरणार दोन्ही सारखीच. मग आतल्या चाकाला थोडं घसरू द्यावंच लागतं. "वजन बाहेरच्या फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, खांदे आत. हिला हँडलने नाही, अंगाने वळवायचं." हे अंगात मुरायला मला दोन महिने लागले.

आणि ती काठी! मोटरसायकलच्या सवयीने वळणावर माझा पाय खाली यायचा. एकदा मागच्या टायरने बुटाची टाच ओढली, तेव्हा कुठे अक्कल आली. त्यानंतर पाय फूटपेगवरून हलला, की तुमच्या काठीचा टोला नडगीवर ठरलेलाच.

टायरमध्ये मी गाडीसारखी टणक हवा भरून आणली होती. तुम्ही फुस्स करून ती सोडलीत, ४ पीएसआयवर आणलीत. त्यासाठी खिशातून तो छोटा गेज काढलात, कारण नेहमीच्या गेजवर एवढ्याशा हवेला काटा धड हलतही नाही. डावं-उजवं सारखं आहे ना, हे दोनदा तपासलंत. तेव्हा मला तो चिकटपणा वाटला होता. मग त्याच खडकाळ वाटेवर गेलो आणि हाताला बसणारे हादरे निम्म्यावर आले.

वाळू मला लवकर जमली: वेग तुटू द्यायचा नाही आणि थांबायचंच तर तोंड उताराकडे करून. चिखल मला आजही आवडत नाही. मोठ्या गाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोरीत आपली गाडी पोटावर बसते, मग ढकला.

पण खरे आभार त्या चढाचे. अर्ध्यावर गिअर चुकला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे सरकू लागली. माझा पाय मागच्या ब्रेककडे निघालाच होता. तुम्ही खालून ओरडलात, "पुढचा! पुढचा! हळू!" मी पुढे झुकून पुढचा ब्रेक दाबत आणला. गाडी थांबली, पार्किंग ब्रेक लावला आणि चढाच्या बाजूने उतरलो. पाय लटपटत होते. मागे सरकताना मागचा ब्रेक करकचून लागला असता, तर पुढची चाकं उचलली गेली असती आणि गाडी माझ्याच अंगावर आली असती. हे तुम्ही नंतर सांगितलंत, चहा पिता पिता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. त्याच बैठकीत तीनचाकी एटीव्हींचा विषय निघाला. १९७० साली होंडाने आणलेल्या त्या गाड्या किती सहज कलंडायच्या आणि १९८८ साली अमेरिकेत त्यांची विक्री कशी थांबली, ते तुमच्याकडूनच कळलं. त्या दिवशी मला चार चाकांचा जरा जास्तच आदर वाटला.

परवा एक नवखा मुलगा आला होता. वळणावर त्याचा पाय खाली आला आणि मी नकळत इकडेतिकडे काठी शोधू लागलो.

तुमचा
अंगठेबहाद्दर

ता. क. गेज माझ्याकडेच राहिलाय. रविवारी आणतो, पण चेनचं तेल तुम्ही आणा.