सातव्या मजल्यापर्यंत न संपलेलं उत्तर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी ठरवते लिहायचं आणि दरवर्षी राहून जातं, यंदा लिहूनच टाकते. ३ एप्रिलला आमच्या नाक्यावर मोठा बॅनर होता, गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा, वर हात जोडलेले चार-पाच फोटो, कोपऱ्यात क्रूस. आता गुड फ्रायडे म्हणजे आमच्याकडे दुःखाचा दिवस हो, उपास असतो, त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा (रोजची मुख्य उपासना) होत नाही, घंटासुद्धा वाजत नाही, शुभेच्छा कसल्या देता. पण खरं सांगू का, राग येत नाही, नावातच गुड आहे म्हटल्यावर माणूस शुभेच्छाच देणार. माझी तक्रार वेगळीच आहे. रविवारी, ५ तारखेला, ईस्टर होता तेव्हा बॅनर उतरलेला होता आणि पेपरात (तुमच्यासुद्धा, सॉरी) रंगवलेल्या अंड्यांचा फोटो आणि खाली दोन ओळी, ख्रिस्ती बांधवांनी उत्साहात सण साजरा केला. कसला सण, ते कुठेच नाही.

आणि मग सोमवारी मी लिफ्टमध्ये सापडले. आमच्या मजल्यावरच्या काकू, देवमाणूस, माझ्या मिस्टरांच्या आजारपणात महिनाभर डबा दिलाय त्यांनी. तर काकू म्हणाल्या, अगं काल तुमचा तो ईस्टर झाला ना, म्हणजे येशूचा पुनर्जन्म ना? मी म्हटलं नाही हो काकू, पुनर्जन्म नाही, पुनरुत्थान. त्या म्हणाल्या तेच ते गं, जुने कपडे टाकायचे, नवे घालायचे, गीतेत आहेच की. मी म्हटलं नाही म्हणजे तसं नाही, ते... आणि सातवा मजला आला. काकूंच्या हातात भाजीची पिशवी, त्या गेल्या आत. मी दारात चावी शोधत उभी राहिले आणि विचार करत बसले की पन्नाशी उलटली, रविवार चुकवत नाही, आणि मला हे सात मजल्यांत सांगता येत नाही?

तर काकू, हे पत्र तुमच्यासाठी आहे, पेपर तुम्ही वाचताच.

गीतेतला श्लोक मला शाळेत पाठ होता, वासांसि जीर्णानि, अजून येतो. आमचं मात्र थोडं वेगळं आहे. आमच्यात कपडा टाकून देत नाहीत, तोच सदरा परत अंगात येतो, रफू केलेला. येशू मेला, खरोखर मेला, पुरला आणि तिसऱ्या दिवशी उठला तो त्याच शरीरानिशी, फक्त ते शरीर आता परत मरणार नाही. लाजर म्हणून त्याचा मित्र होता, त्यालाही येशूने कबरेतून बाहेर बोलावलं होतं, पण तो बिचारा पुढे कधीतरी परत मेलाच असणार, त्याला पुनरुत्थान म्हणत नाहीत. आणि यातली मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही की उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे व्रण तसेच होते. देवाला ते पुसता आले नसते का? पण ठेवले. थोमा नावाचा शिष्य अडून बसला की मी व्रण बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही, तर त्याला तेच दाखवले.

शरीराला आमच्यात एवढी किंमत का, त्याचं ठाण्यातलंच उदाहरण आहे, पण ठाण्यातल्या लोकांनाही माहीत नसतं. १३२१ साली, म्हणजे पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, इथे आपल्या ठाण्यात चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या, ख्रिस्ती साधूंना मारलं होतं. नंतर ओडोरिक नावाचा त्यांच्यातलाच एक प्रवासी साधू इथे आला, त्याने त्यांची हाडं गोळा केली आणि जहाजाने पार चीनपर्यंत नेली. मला लहानपणी हे ऐकून भीती वाटायची, हाडं बरोबर घेऊन कोण फिरतं. आता कळतं, टाकून द्यायची वस्तू असती तर कोणी एवढ्या लांब वाहिली नसती.

पण हे सगळं झालं मेल्यानंतरचं. सकाळी साडेपाचला उठून दूध तापवणाऱ्या बाईने त्याचं काय करायचं? इथे मला आमच्या घरातलं थोडं सांगावं लागेल.

माझे मिस्टर वागळे इस्टेटला एका कंपनीत होते. २०२४ च्या दिवाळीत त्यांना पॅरॅलिसिसचा अटॅक आला, डावा हात आणि डावा पाय गेला, बोलणंही जड झालं. पाय बराचसा आला, काठी घेऊन तलावपाळीपर्यंत जातात आता, हात नाही आला. पहिले सहा महिने मी देवाला रोज एकच मागत होते, होतं तसं कर. जे येईल ते सांगायचं, प्रार्थना करा, पुनरुत्थानाचा देव आहे आपला, सगळं पूर्वीसारखं होईल. पूर्वीसारखं काही झालं नाही. गेल्या वर्षी २० एप्रिलला ईस्टरला आम्ही दोघं टीव्हीवर रोम बघत होतो, पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवर बाल्कनीत आले, जेमतेम एक वाक्य बोलले, बाकीचं दुसऱ्याने वाचलं. मिस्टर तोंडातल्या तोंडात म्हणाले, याचाही आवाज निघत नाही गं माझ्यासारखा. दुसऱ्या दिवशी पोप गेल्याची बातमी आली. मिस्टर दिवसभर गप्प होते आणि संध्याकाळी, बऱ्याच महिन्यांनी, स्वतःहून म्हणाले की तो व्यायामाचा बॉल दे जरा. का ते मी विचारलं नाही.

आता माझी चूक सांगते. त्याच पावसाळ्यात एकदा त्यांनी एका हाताने चहा करायला घेतला आणि आख्खं पातेलं ओट्यावर उलटं केलं, मला ऑफिसला उशीर होत होता, बाई आलेली नव्हती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की तुम्ही असून नसून सारखेच. पूर्ण वाक्य बोलले मी ते. लोकलमध्ये उभी राहून रडले पण संध्याकाळी घरी येऊन सॉरी म्हणता आलं नाही, तोंड उघडायचं आणि बंद व्हायचं. तीन-चार दिवस असेच गेले.

त्या रविवारी फादरांनी योहानाच्या शुभवर्तमानातला (बायबलमधलं येशूचं एक चरित्र) शेवटचा अध्याय घेतला, एकविसावा. उठल्यानंतर येशू तळ्याच्या काठी येतो तो. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने बसलेत, हा काठावरून सांगतो उजव्या बाजूला टाका, आणि १५३ मासे लागतात. (माझी आई उत्तनची, कोळ्याची पोर, ती म्हणायची की आकडा बरोबर असणार, कोळी मासे मोजल्याशिवाय सोडत नाही.) ते काठाला येतात तर बघतात काय, याने कोळसे पेटवलेत, वर मासळी भाजायला ठेवलीय, भाकर आहे, आणि म्हणतो या, न्याहारी करा. नुकताच मरण जिंकून आलेला माणूस, आणि करतो काय तर स्वयंपाक!

फादरांनी एक गोष्ट सांगितली जी मला आधी माहीत नव्हती. मूळ ग्रीकमध्ये त्या कोळशाच्या शेकोटीला जो शब्द आहे तो आख्ख्या नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, दोनच वेळा येतो. एकदा इथे, आणि एकदा येशूला पकडलं त्या गुरुवारच्या रात्री, जिथे त्याचा शिष्य पेत्र शेकोटीजवळ हात शेकत उभा राहून तीन वेळा म्हणाला मी त्या माणसाला ओळखत नाही. म्हणजे वास तोच, धूर तोच, आणि समोर तोच माणूस ज्याला आपण ओळख दाखवली नव्हती. येशू तो विषय काढतच नाही. आधी खायला घालतो. मग विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, तेही तीनदा, आणि प्रत्येक वेळी वर कामच लावतो, माझी मेंढरं चार.

मी घरी आले, डब्यातले उत्तनचे सुके बोंबील काढले आणि कोळसे कुठले फ्लॅटमध्ये, गॅसवरच भाजले. तांदळाची भाकरी केली. ताट मिस्टरांच्या पुढे ठेवलं. वासाने काकूंचं दार धाडकन बंद झालं ते मला ऐकू आलं. मिस्टरांनी एका हाताने बोंबील मोडला, अर्धा माझ्या ताटात टाकला. बोललो आम्ही नंतर, रात्री, पण खरं तर ते तिथेच झालं होतं.

मला पुनरुत्थान एवढंच कळलंय, आणि मला वाटतं, पौल म्हणून येशूचा सुरुवातीचा प्रचारक होता, त्यालाही असंच कळलं असावं. त्याने करिंथच्या लोकांना पत्र लिहिलं त्यात पंधरावा अध्याय सगळा यावरच आहे, चांगला लांबलचक, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, मरणा तुझी नांगी कुठे, वाचताना अंगावर काटा येतो. आणि पुढचा अध्याय उघडला की पहिलीच ओळ वर्गणीची! यरुशलेमच्या गरिबांसाठी दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, जमेल तेवढे पैसे बाजूला काढून ठेवा. लोक म्हणतील काय हा माणूस, कुठून कुठे आला. मला तर वाटतं तो कुठेच गेला नाही, तिथेच आहे.

आणखी एक, फोटोसाठी. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चबाहेर अंधारात नवा अग्नी पेटवतात आणि त्यावर मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात. त्या एका मेणबत्तीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटत जातात, आख्खं चर्च हळूहळू दिसायला लागतं, म्हाताऱ्या बायका पदर सांभाळतात, पोरं मेण बोटांवर सांडून ओरडतात. तीच मेणबत्ती मग वर्षभर बाळांच्या बाप्तिस्म्याला पेटवतात आणि मयताच्या मिस्सालाही पेटीजवळ तीच असते. अंड्यांऐवजी तिचा फोटो छापा ना कधीतरी. आणि शुभेच्छा द्यायच्या तर घाई नाही, ईस्टरचा काळ ५० दिवसांचा असतो, यंदा २४ मेपर्यंत, बॅनर अजून लावता येईल.

काकू, मरीया मग्दालियाचं राहिलं, की कबरेपाशी तिला येशू बागेचा माळी वाटला आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळखला, आणि बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा पुरुषांना ती बडबड वाटली. पण ते चहा पिता पिता सांगते, लिफ्टमध्ये नको.

ता. क. येत्या रविवारी परत बोंबील भाजणार आहे. खिडकी उघडी ठेवीन.

आपली,
एक वाचक, चरई, ठाणे (प.)