खानावळवाल्या मावशींस अनावृत आभारपत्र

आदरणीय मावशी,
सादर नमस्कार.

माझी कादंबरी छापून हाती आली. तुमचे नाव कुठेही येऊ नये असे तुम्ही बजावले होते, म्हणून हे आभार नावाविना, परंतु सर्वांसमक्ष मानते आहे.

लालबागच्या चाळीत गिरणी कामगारांची खानावळ चालवणाऱ्या बाईची ती गोष्ट. पहिल्या खर्ड्यात मी फोडणीच्या वासावर दीड पान खर्ची घातले होते. तुम्ही सगळे वाचन शांतपणे ऐकून घेतलेत आणि विचारलेत, "ही बाई जेवते कधी?" अडीचशे पानांत ती एकदाही जेवली नव्हती आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. आजच्या कथा-कादंबऱ्यांत पदार्थांची वर्णने रसाळ असतात, पण रांधणारीची भूक त्यांत क्वचितच सापडते, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

पुढे तुम्ही मला पाककृती सांगितल्या नाहीत, हिशेब सांगितलात. कोकणातल्या माणसाला भात-कालवण, घाटावरच्याला भाकरी, तीन पाळ्यांच्या तीन वेळा आणि गावी गेलेल्याचे खाडे. कामगाराचा पगार महिन्याने होई, पण किराणा रोज लागे, आणि ही फट सावकाराचे व्याजी कर्ज भरून काढी. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केल्यावर तुमच्यासारख्या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्या प्रकरणात मी भांडी रिकामी दाखवली होती. तुम्ही ते मान्य केले नाहीत. "गावी गेले ते गेले; राहिलेल्यांना वाढतच होतो. भांडी कुठली रिकामी? उधारीची वही भरत होती." सारे प्रकरण मी त्या वहीवर नव्याने रचले. आता त्यात आमटी दर आठवड्याला थोडी पातळ होत जाते आणि पंगतीतले कोणीही त्याविषयी चकार शब्द काढत नाही.

छापील पुस्तकात ती जेवते. दुसऱ्या पाळीची माणसे उठून गेल्यावर, रात्रीची कणीक भिजवण्याआधी, उंबऱ्याशी बसून, गार भातावर तळाचे कालवण घेऊन.

रविवारी प्रत घेऊन येते. तुमचे जेवण झाल्यावरच येईन.

आपली कृतज्ञ,
एक लेखिका, मुंबई