वायरमन काका, पंपाच्या त्या ट्रिपिंगबद्दल मनापासून थँक्यू

काका नमस्कार, त्या दिवशी भर पावसात तुम्ही आलात, काम केलंत आणि चहा पिऊन लगेच निघालात, नीट बोलताच आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

जुलै लागल्यापासून आम्ही पार वैतागलो होतो. विहिरीतला एक एचपीचा पंप लावला की घरातली आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की लाईट तोडणारा सुरक्षेचा स्विच) पडायची आणि सगळं घर अंधारात, दोन दिवस ऊन पडलं की पुन्हा सगळं व्यवस्थित. आधी जे बघून गेले ते म्हणाले मोटरचं वाइंडिंग (आतल्या तारांची गुंडाळी) गेलंय, रिवाइंडिंग करा, आणि तोपर्यंत आरसीसीबी काढून लाईन डायरेक्ट करून देतो. आईने नको म्हटलं म्हणून राहिलं, नाहीतर मी हो म्हणणारच होतो, आता आठवलं तरी अंगावर काटा येतो.

तुम्ही आल्या आल्या पंपाला हातच लावला नाहीत, आधी विचारलंत एमसीबी (साधा ब्रेकर) पडते की आरसीसीबी, कारण एमसीबी पडली तर ओव्हरलोड नाहीतर शॉर्ट, आणि आरसीसीबी पडतेय म्हणजे करंट कुठेतरी जमिनीत जातोय. मग आईने सांगितलं की पंप बंद असला तरी मिक्सर लावला की पडते, हे तर आम्ही कोणाला सांगितलंच नव्हतं, आम्हाला वाटायचं मिक्सरच खराब आहे! तुम्ही पंपाचा स्विच उघडून दाखवलात, तो फक्त फेज तोडत होता, न्यूट्रल तसाच विहिरीपर्यंत जोडलेला, आणि तोच कुठेतरी ओल्या मातीला लागला होता, म्हणून पंप बंद असतानाही मिक्सरचा थोडा करंट तिथून जमिनीत जायचा. केबल दोन्हीकडून सोडवून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावलात तर पंप एकदम चांगला आणि केबलचं रीडिंग जवळजवळ शून्य, म्हणजे दोष केबलमध्येच. पोफळीखाली खणल्यावर तो जॉइंट सापडला, नुसती काळी टेप गुंडाळलेला, पाईपातच पाणी भरलेलं.

आता नवीन केबल मध्ये कुठेही जॉइंट न देता, स्विच डबल पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), बॉक्स पडवीत भिंतीवर. तेव्हापासून एवढा पाऊस झाला तरी एकदाही ट्रिप नाही. तुम्ही सांगितल्याप्रमाणे टेस्टचं बटण दाबून आरसीसीबी पडते का तेही बघतो. आरसीसीबी ज्या गळतीला पडते ते ३० मिलीअँपिअर म्हणजे किती कमी आणि माणसाच्या जिवासाठी किती महत्त्वाचं हे तुम्ही माझ्या लेकीलाही समजावलंत, ती आता ओल्या पायाने विहिरीकडे जात नाही.

रिवाइंडिंगचा खर्च वाचला ते आहेच, पण आरसीसीबी न काढता खरा दोष शोधून दिलात याचे आभार कसे मानू कळत नाही.

तुमची छत्री पडवीत राहिलीय. गणपतीला या, तेव्हा न्या.