जन्मठेप म्हणजे किती, ते घरच्यांना कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी मोर्चा निघाला. पुढे कॉलेजच्या मुली, मागे आयाबाया, हातात 'फाशी द्या'चे फलक. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून मी तो शेवटपर्यंत पाहिला. त्यानंतर आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने लिहिलं, की जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं सरकारी भाकरी खायची आणि मग घरी यायचं, म्हणून फाशीच हवी. त्या मुलींच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. तो राग आमच्या घरात १९९६ पासून आहे. पण या पत्राला उत्तर द्यायला हवं असं वाटलं, म्हणून लिहिते. मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका आहे.

१९९६ च्या फेब्रुवारीत माझ्या धाकट्या भावाचा खून झाला. तासगाव तालुक्यात आमची तीन एकर द्राक्षबाग, विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. दोन वाजता मोटर चालू करायला गेला तो परत आलाच नाही. मारणारा परका नव्हता, आमचाच चुलतभाऊ होता. भाऊबीजेला मी दोघांना एकाच पाटावर, एकामागून एक बसवून ओवाळत असे. बांधाचं आणि पाळीचं भांडण भाऊकीत वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं, पण ते कुऱ्हाडीपर्यंत जाईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

फिर्याद आईने दिली. तिने चुलत्याच्या दोन्ही मुलांची नावं घातली. आता लिहिते ते आजवर कुठे बोललेले नाही. धाकटा मुलगा त्या रात्री मिरजेला दवाखान्यात होता, त्याची बायको बाळंतपणाला अडली होती. आईला ते ठाऊक नसावं. मला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं होतं. मी गप्प राहिले. भाऊकीतली मोठी माणसं म्हणाली, 'असू दे, दोघंबी लटकू देत,' आणि तेव्हा मलाही ते बरं वाटलं. तो पावणेतीन वर्षं आत राहिला. खटला उभा राहिला तेव्हा दवाखान्याची वही कोर्टात आली, डॉक्टरांची साक्ष झाली आणि तो सुटला. त्याच रात्री जन्मलेली त्याची मुलगी तोवर अंगणात पळत होती. २००१ च्या दिवाळीत मी त्याच्या घरी गेले, झालं ते सांगितलं. तो काही बोलला नाही. त्याने चहा ठेवायला सांगितला. आम्ही मागत होतो तशी त्याला फाशी झाली असती, तर मी कुणाच्या दारात गेले असते?

आणि हे काही आमच्या एकट्याच्या घरातलं नाही. नाशिककडच्या २००३ सालच्या एका गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष ठरवून सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला राज्य सरकारला सांगितलं. ते जिवंत होते म्हणून भरपाई घ्यायला हात पुढे करू शकले. ही माणसं कोण, तर पालं टाकून राहणारी, वकील कुठला करायचा हेही ज्यांना कळत नाही अशी. मोर्चात फलक धरणाऱ्या मुलींनी एवढी एक गोष्ट तरी वाचावी.

१९९९ मध्ये सांगलीच्या सत्र न्यायालयाने आमच्या थोरल्या चुलतभावाला जन्मठेप दिली. आई बाकावरून उठली आणि सरकारी वकिलांना म्हणाली, 'म्हंजी त्यो जित्ता ऱ्हाणार?' वकीलसाहेब भले गृहस्थ. त्यांनी आम्हाला बाहेर कडुनिंबाखाली नेऊन समजावलं. १९५५ पर्यंत खुनाला फाशी दिली नाही, तर का दिली नाही, हे न्यायाधीशांना लिहावं लागे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून ते उलटं झालं, फाशी द्यायची तर खास कारण लिहायचं. १९८० च्या बचनसिंग खटल्यात ठरलं, की फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणात. पाण्याच्या पाळीवरून झालेला खून त्यात बसत नाही. आई म्हणाली, 'मला ल्योक येकच हुता. ह्याच्यापरीस दुर्मिळ आनि काय असतंय?' याला वकिलांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे आजही नाही.

आईला फाशी हवी होती, कारण तिला वाटत होतं की मग संपेल. मलाही तसंच वाटायचं. पण शेजारच्या कोल्हापूरचं पाहा. लहान मुलं पळवून मारणाऱ्या त्या दोघी बहिणी आमच्या भावाच्या खुनाच्याच वर्षी, १९९६ ला, पकडल्या गेल्या. २००१ मध्ये त्यांना फाशी सुनावली गेली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली, कारण दयेच्या अर्जावर सरकारी दफ्तरांनी वर्षानुवर्षं वेळ घालवला होता. त्या लेकरांच्या आयांचं मला फार वाटतं. वीस वर्षं दर निकालाला पेपरात लेकराचा विषय निघणार, दर वेळी कुणीतरी दारात येऊन 'तुम्हाला काय वाटतं' विचारणार, आणि शेवटी हातात काय, तर आम्हाला १९९९ मध्ये मिळाली तीच शिक्षा. आमचा निकाल लागला त्या रात्री आई निदान झोपली तरी.

आता चौदा वर्षांचं. हा गैरसमज गावच्या पारापासून शिकलेल्या माणसांपर्यंत सगळीकडे आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारे माफीचे दिवस कितीही साठले तरी सरकारने सोडल्याशिवाय सुटायचा हक्क पोचत नाही. चौदा वर्षांची अट आली त्या संहितेच्या १९७८ च्या दुरुस्तीतून. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याला चौदा वर्षं भरण्याआधी सोडायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती खालची रेघ आहे, लोक तिला वरची रेघ समजतात. २००८ च्या श्रद्धानंद प्रकरणात तर न्यायालयाने फाशीऐवजी मरेपर्यंत, माफी न देता कैद सुनावली आणि २०१५ मध्ये घटनापीठाने ती रीत मान्य केली. म्हणजे फाशी न देताही माणसाला कायमचं आत ठेवता येतं. मोर्चाला जे हवं आहे, ते कायद्यात आहे.

मग लोकांचा विश्वास का बसत नाही? मला विचाराल तर, आत काय चाललंय ते मेलेल्याच्या घरच्यांना कुणी सांगतच नाही म्हणून.

खुनाच्या आधी, १९८६ ते १९९४, मी आटपाडी तालुक्यात नोकरी केली. तिथे कैद्यांची स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. १९३९ मध्ये औंध संस्थानात ती सुरू झाली. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना. चांगल्या वागणुकीचे जन्मठेपेचे कैदी तिथे भिंतीशिवाय, आपल्या बायकापोरांसह राहून शेती करतात. तिथली मुलं माझ्या वर्गात होती. एकाचे वडील प्रगतिपुस्तकावर सही करायला शाळेच्या फाटकाशी येत, आत येत नसत. सही कारागृहात शिकले होते. हळू, एकेक अक्षर कोरल्यासारखी करत. 'बाई, पोरगं हजेरीत हाय न्हवं?' एवढंच विचारत. त्या माणसाने खून केला होता हे मला माहीत होतं आणि त्याची मला भीती वाटत नसे. मला त्या वसाहतीचा अभिमान होता.

भावाच्या खुनानंतर कितीतरी वर्षं मला तो फाटकाशी उभा असलेला माणूस आठवला की अंगावर काटा यायचा. आता येत नाही. आता दुसरंच मनात येतं. आठ वर्षांत त्या वसाहतीतल्या कितीतरी मुलांचे वडील मी पाहिले, पण त्या वडिलांनी ज्यांना मारलं त्यांच्या घरचं एकही माणूस मला भेटलं नाही. ते कुठल्या गावी आहेत, त्यांच्या मुलांना कुणी शाळेत घातलं, हे विचारावंसंही मला तेव्हा वाटलं नाही. कैद्याची नोंद असते, त्याच्या वागणुकीची वही असते, त्याच्या रजेचे १९५९ पासूनचे नियम आहेत. मेलेल्याच्या घरच्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

२००३ च्या उन्हाळ्यात आई पीठ दळायला गिरणीत गेली आणि समोर तो, थोरला चुलतभाऊ. संचित रजेवर आला होता, ज्याला सगळे फर्लो म्हणतात. चौदा दिवस. आधी पोलिसांनी गावात चौकशी करायची असते, ती झालीही असेल, पण आमच्या दारात कुणी आलं नव्हतं. आई दळण तिथेच टाकून आली. चौदा दिवस तिने परसदार उघडलं नाही, कारण ते विहिरीकडे उघडतं. भावाचा मुलगा तेव्हा नववीत होता, त्याला तिने शाळेला जाऊ दिलं नाही. मी रजा काढून माहेरी येऊन राहिले. रजा हा कैद्याचा नियमातला भाग आहे, मला त्याबद्दल तक्रार नाही. माणूस वीस वर्षं आत राहणार असेल तर त्याने मधे घर बघावं, नाहीतर तो बाहेर येईल तेव्हा जनावर होऊन येईल. पण आम्हाला आठ दिवस आधी कळलं असतं तर मी आईला माझ्याकडे आणलं असतं.

आई २०११ मध्ये गेली. तो २०१६ मध्ये कायमचा सुटला, वीस वर्षं भरून. तेही मला दूध डेअरीच्या रांगेत कळलं. केस सगळे पांढरे, डाव्या पायाने लंगडतो. मी त्याच्याशी बोलत नाही आणि त्याला पुन्हा ओवाळणारही नाही. तरी तो फासावर गेला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत नाही. विहिरीची पाळी आता भावाचा मुलगा आणि सुटलेला तो धाकटा, दोघं मिळून ठरवतात. फाशी झाली असती तर त्या विहिरीवर अजून एक मुडदा पडला असता, एवढी आमची भाऊकी मला माहीत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटलं होतं, की कैद्याच्या मजुरीतला काही भाग बळी गेलेल्याच्या घरच्यांसाठी बाजूला काढावा. आमच्या घरी वीस वर्षांत एक रुपयाही आला नाही. पैशांवाचून आमचं अडलं असं नाही, वहिनीने बाग जगवली. पण त्याच्या घामाचे शंभर रुपये मनिऑर्डरने आले असते तर आईने ते परत तरी पाठवले असते. तेवढा तरी हक्क तिला मिळाला असता.

म्हणून सरकारकडे आणि मोर्चाच्या पुढाऱ्यांकडेही माझं मागणं आहे. जन्मठेप सुनावली त्याच दिवशी ती किती आणि कशी, हे मेलेल्याच्या घरच्यांना त्यांच्या भाषेत लिहून द्या. रजेवर सोडण्याआधी आणि कायमचं सोडण्याआधी त्यांना कळवा, त्यांचं म्हणणं लिहून घ्या. लांबलचक नोटीस नको. एक पोस्टकार्ड पुरे: अमुक कैदी अमुक तारखेपासून इतके दिवस तुमच्या गावी येत आहे. माझ्या आईला वाचता येत होतं. मी नोकरीला लागले त्या वर्षी कंदिलाच्या उजेडात मीच तिला शिकवलं होतं.

आपली,
एक वाचक
तासगाव तालुका, जि. सांगली
(घरच्यांसाठी नाव छापू नये, ही विनंती.)