मेरी क्रीकच्या काठावरून घरी

आई, आप्पा, दादा,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं, ड्युटीचं तुम्हाला फोनवर कळतंच. हे पत्र जास्त करून आईसाठी आहे. पुराचा तो व्हिडिओ बघून तू रात्रभर जागी होतीस असं दादा म्हणाला. अगं, तो 2022 च्या ऑक्टोबरातला आहे आणि ती मारिबर्नाँग नदी, मेलबर्नच्या पश्चिमेची. माझ्या घराजवळून जाते ती मेरी क्रीक, वेगळी आणि लहान, आपल्या नाल्यापेक्षा जरा मोठी, आणि माझी खोली चढावर आहे. जोराचा पाऊस आला की ती भरभर चढते हे खरं, कारण रस्त्यांचं नि छपरांचं पाणी पाइपातून थेट तिच्यात येतं, पुलाखालची वाट बुडते, मग मी वरच्या रस्त्याने जाते. 2019 ला आपल्या पांझरा नदीच्या पुराने धुळ्यात काय केलं ते मला आठवतंय, पाण्याशी मी खेळ करत नाही. साप आहेत, तेही सांगून टाकते, टायगर स्नेक म्हणतात, पण ते उन्हाळ्यात दिसतात, आत्ता इथे हिवाळा आहे आणि मी पक्की वाट सोडत नाही.

आप्पा, तुम्हाला नदी कुठून निघते ते आधी लागतं. ही उत्तरेला वॉलनच्या बाजूला निघते, क्रेगीबर्न, कोबर्ग, ब्रन्सविक असं करत दक्षिणेला येते आणि डाइट्स फॉल्सपाशी यारा नदीला मिळते, मुडावदला आपली पांझरा तापीला मिळते तशी. काठावर काळा दगड आहे, बेसाल्ट, आपल्याकडे विहीर खणताना लागतो त्याच जातीचा, फक्त वयाने खूप लहान. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी खाली बसून हात लावून पाहिला. इथे त्याला ब्लूस्टोन म्हणतात, कोबर्गचा जुना तुरुंग त्याचाच बांधलाय. दगड काढून झाला की खाणीत शहराचा कचरा टाकायचे. ब्रन्सविकच्या अशाच एका जागेवर 1982 पासून सेरेस म्हणून संस्था आहे, तिथे आता भाजीपाला आणि रोपवाटिका आहे, शाळेची पोरं सहलीला येतात.

आता एक गोष्ट नीट सांगते, मला ती समजायला फार वेळ लागला. हिवाळ्यातल्या रविवारी लोक सकाळी थंडीत काठावर जमतात, म्हातारे, लहान पोरं, नोकरीवाले, आणि रोपं लावतात. फळझाडं नाहीत, फुलझाडंही नाहीत, बहुतेक गवत! कांगारू ग्रास नावाचं इथलं मूळचं गवत, आणि वाटल (बाभळीच्या जातीतलं) नि गम (निलगिरीच्या जातीतलं) अशी झाडं. आधी कोणीतरी सांगतं की ही जमीन मूळची वुरुंजेरी या इथल्या आदिवासी लोकांची आहे, मग खड्डे. प्रत्येक रोपाभोवती काठ्या ठोकून प्लास्टिकची नळी बसवतात, सशांनी खाऊ नये म्हणून, आणि नंतर तण काढताना रोप ओळखू यावं म्हणूनही. मजुरी नाही, जमीन कोणाची स्वतःची नाही. आणि चांगली हिरवीगार विलोची झाडं मात्र तोडतात, आप्पा, तुमचा जीव तुटला असता. ती बाहेरून आणून लावलेली, त्यांची मुळं पात्रात पसरून पाणी अडवतात आणि शरद ऋतूत सगळा पाला एकदम पडून पाण्यात कुजतो, मग पाण्यातल्या जीवांना प्राणवायू पुरत नाही. इथली मूळची झाडं थोडा थोडा पाला वर्षभर टाकतात.

फडाचा, म्हणजे बंधाऱ्यावर मिळून भिजवायच्या शेतांचा, पाट साफ करायला आपल्याकडे घरटी माणूस जातो, कारण बंधाऱ्याचं पाणी त्याच्याच शेतात येणार असतं, आणि पाटकरी ते सगळ्यांना वाटून देतो. इथे हे पाणी कोणी पीत नाही, कपडे धूत नाही, म्हशी नाहीत, पोहतसुद्धा नाहीत, लोक फक्त काठाने चालतात, सायकल चालवतात. तरी येतात. मी पण जाते. कुदळ कशी धरायची ते मला शिकवावं लागलं नाही, तर एका आजींनी विचारलं, तुझे आईवडील शेतकरी का. मी हो म्हणाले आणि पांझरेचं, फडाचं सगळं सांगत बसले. त्या दिवशी खूप बरं वाटलं. आई, एकटी पडलीस का असं विचारू नकोस, नाही पडले.

कानबाईच्या सणाला मी नाही, माझ्या नावाचा प्रसादाचा रोट कोणाला तरी द्या. आक्काच्या लग्नालाही जमणार नाही, डिसेंबरात वृद्धाश्रमात रजा मिळत नाही आणि नाताळात तिकीट परवडत नाही, काकूला मी स्वतः फोन करते, तुम्ही आधी काही बोलू नका. नंदुरबारच्या स्थळाचं म्हणाल तर त्या मुलाशी माझं बोलणं झालं, चांगला वाटला, पण शेवटची परीक्षा झाल्याशिवाय हो म्हणणार नाही. नाही असंही म्हणत नाहीये, आप्पा, तुम्ही त्यांना एवढंच कळवा.

60,000 रुपये पाठवलेत. 40,000 सोसायटीत भरा, उरलेले आईच्या गुडघ्याला. ते पैसे खतात घालायचे नाहीत, दादा, तू स्वतः तिला धुळ्याला घेऊन जा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मला पाठव.

तुमची,
छोटी