फॉर्मवर 'नाही' लिहिण्याआधी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

"एवढासा एमआरआय, त्यात काय विचारायचं?" असं बाबा काल फोनवर म्हणाले आणि विषय संपला. माझ्या मनातून तो गेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. बाबांच्या कंबरेचा एमआरआय आणि आईच्या पोटाचा सीटी स्कॅन, दोन्ही याच महिन्यात आहेत. मी रोज एमआरआयच्या दारात उभी राहून लोकांना प्रश्न विचारते. बाबांच्या वयाची माणसं काय उत्तर देतात ते मला पाठ झालंय: "काही नाही हो, घ्या लवकर आत." फॉर्मवर वरपासून खालपर्यंत 'नाही'च्या खुणा असतात. मी पुन्हा विचारते, तेव्हा कुठे हात छातीकडे जातो आणि पेसमेकरची गोष्ट बाहेर येते.

बाबा, तुम्हीही असंच करणार. डॉक्टरांचा वेळ घेऊ नये, आपली दुखणी उगाळू नयेत, हा तुमचा स्वभाव. पण तुमच्या शरीरात काय बसवलंय, हे तुम्ही सांगितल्याशिवाय तिथल्या टेक्निशियनला समजणार नाही. हल्लीचे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात, पण अटींवर. नुसता डबा चालून भागत नाही, हृदयात गेलेल्या ताराही त्याच जोडीच्या लागतात. जुनी तार आत तशीच राहिली असेल तर सगळाच विचार बदलतो. तपासणीआधी पेसमेकर वेगळ्या सेटिंगवर घ्यायचा असतो आणि नंतर पुन्हा पूर्ववत करून तपासायचा असतो. म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच सांगा आणि पेसमेकरचं कार्ड दाखवा. ऐन वेळी टेबलावर झोपताना सांगितलंत तर परत पाठवतील, आणि ते योग्यच असेल.

एमआरआय चुंबकावर चालतो, आणि त्या खोलीतलं चुंबक सदैव चालू असतं. स्कॅन संपला, आवाज थांबला, तरी चालूच. त्याच्या तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवलेली असतात, त्यामुळे दिव्याचं बटण दाबावं तसं ते बंद करता येत नाही. नेहमीचं १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट ताकदीचं असतं. २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात सहा वर्षांचं मूल स्कॅनरमध्ये असताना ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर खोलीत आला, तो यंत्राकडे खेचला गेला आणि ते मूल दगावलं. जुलै २०२५ मध्ये त्याच राज्यात एका बाईंचा स्कॅन झाला आणि त्यांना उठायला मदत करायला नवरा आत गेला. त्याच्या गळ्यात व्यायामाची जड साखळी होती. तो वाचला नाही. आई, बाबांना हात द्यायला तू धावशील, हे मला इथे बसून दिसतंय. कोणी बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकू नकोस.

कानाचं यंत्र काढून ठेवा. त्वचेवर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल तर सांगा, कारण काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो आणि तो तापून चटका बसतो. आत असताना कुठेही गरम लागलं तर आम्हाला बोलावण्यासाठी हातात दिलेला फुगा दाबा. "थोडं सहन करू" हे तिथे अजिबात नको.

आणि मुळात हा एमआरआय हवाच आहे का, हेही विचारा. साध्या कंबरदुखीत, पायात बधिरपणा किंवा ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वीचा कॅन्सर असं काही नसेल, तर पहिले सहा आठवडे कोणतंही चित्र काढू नये, असंच मार्गदर्शक सूचना सांगतात. "रिपोर्टमुळे उपचार बदलणार आहे का?" एवढंच विचारायचं. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

आई, आता तुझं. सीटीसाठी शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतील. अंगभर उष्णता पसरेल, लघवी झाल्यासारखं वाटेल. घाबरू नकोस, ते होतंच. सुईच्या जागी मात्र दुखलं किंवा फुगलं तर लगेच ओरडून सांग. तुझा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत ने. किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, ३० च्या खाली असेल, तर हे औषध द्यायचं की नाही याचा डॉक्टर वेगळा विचार करतात. तुझी मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळीही मग तपासणीच्या वेळी थांबवून ४८ तासांनी किडनी तपासून पुन्हा सुरू करतात. स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, फक्त चालू आहे हे सांग. पूर्वी कधी अशा इंजेक्शननंतर पित्त उठलं असेल किंवा श्वास लागला असेल तर तेही सांग. झाल्यावर अर्धा तास तिथेच बस.

सीटीतल्या एक्स-रे किरणांची तुला भीती वाटते. छातीच्या एका एक्स-रेत सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट (हे किरणांच्या डोसचं माप), पोटाच्या सीटीत साधारण ८. माती, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतातच. या किरणांचा धोका दिसायला वर्षं लागतात, त्यामुळे तुझ्या वयात तो लहान मुलांपेक्षा बराच कमी. गरजेचा सीटी भीतीपोटी टाळू नकोस. मात्र जुन्या फिल्म आणि सीडी घेऊन जा, म्हणजे तेच चित्र पुन्हा काढावं लागणार नाही. शिशाचा एप्रन दिला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तो कधी कधी चित्राच्या आड येतो आणि यंत्र आपोआप डोस वाढवतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी आता देत नाहीत.

चुका आमच्या बाजूनेही होतात. लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात सीटीची सेटिंग चुकली आणि सुमारे १८ महिने २०६ रुग्णांच्या मेंदूला अपेक्षेच्या आठपट किरणं गेली. २००९ मध्ये हे उघड झालं, ते एका रुग्णाने केस गळत असल्याचं सांगितलं म्हणून. इतक्या शिकलेल्या माणसांना जे दिसलं नाही, ते एकाने तोंड उघडल्यावर दिसलं.

टेबलावर जाण्याआधी पूर्ण नाव, जन्मतारीख आणि कुठला भाग तपासायचा हे त्यांनी विचारायला हवं. नाही विचारलं तर तुम्हीच सांगा. रिपोर्ट आणून कपाटात ठेवू नका, तो डॉक्टरांना दाखवला की मला कळवा.

बाबा, पेसमेकरच्या कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आजच पाठवा. आई, गोळ्यांची यादी तू लिही, बाबांच्या यादीत निम्म्या सुटतात.

तुमची,
लेक