प्रगत नेटवर्किंग प्रमाणपत्र : तयारी टाळून मिळवलेला कागद टिकत नाही

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या करिअरविषयक पानावर संगणक नेटवर्किंगमधील प्रगत प्रमाणपत्रांची ओळख करून देणारा लेख नुकताच वाचला. नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या सिस्को कंपनीच्या सीसीएनपी (व्यावसायिक पातळी) आणि सीसीआयई (तज्ज्ञ पातळी), तशाच ज्युनिपर कंपनीची जेएनसीआयई (तज्ज्ञ पातळी) या परीक्षा कोणत्या, त्या उत्तीर्ण झाल्यावर कोणती पदे खुली होतात आणि पगारात कशी वाढ होऊ शकते, याची माहिती त्यात नेटकेपणाने दिली होती. गेली अनेक वर्षे मी याच क्षेत्रात काम करते आणि नव्या अभियंत्यांच्या मुलाखतीही घेते. त्या अनुभवावरून एका गोष्टीकडे आपले व आपल्या वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. ही प्रमाणपत्रे करिअरला खरोखर बळ देतात, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु ते बळ परीक्षेच्या तयारीतून येते, आणि नेमकी ती तयारी टाळून प्रमाणपत्र पदरात पाडून घेण्याची वाट आज अनेक तरुणांना राजरोस दाखवली जात आहे.

या परीक्षांना मान कसा मिळाला, हे आधी पाहायला हवे. सीसीआयई १९९३ साली सुरू झाली. तिची प्रात्यक्षिक परीक्षा आरंभी दोन दिवस चालत असे. २००१ पासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये सिस्कोने आपल्या सर्व प्रमाणपत्रांची रचना नव्याने केली. आता एंटरप्राइझ इन्फ्रास्ट्रक्चर शाखेत पहिले तीन तास केवळ रचनेचा विचार करण्यासाठी असतात. उमेदवारासमोर एका कल्पित कंपनीची कागदपत्रे, नेटवर्कचे नकाशे आणि ईमेल ठेवले जातात, त्यांतून गरजा ओळखून निर्णय घ्यायचे असतात आणि एकदा पुढच्या प्रश्नाकडे गेल्यावर मागे येऊन उत्तर बदलता येत नाही. उरलेल्या पाच तासांत नेटवर्क उभे करायचे, चालवायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे. दोन्ही भागांत किमान गुण मिळवावेच लागतात; एका भागातील हुशारीने दुसऱ्यातील उणीव झाकली जात नाही. ज्या परीक्षेत कागदावरचा विचार आणि हातांचे काम एकाच दिवशी पारखले जाते, तिला उद्योगक्षेत्राने इतकी वर्षे मान दिला यात नवल नाही.

याच २०२० च्या बदलात आणखी एक गोष्ट घडली आणि तिचे परिणाम आज मुलाखतीच्या खोलीत दिसतात. पूर्वी सीसीएनपी मिळवण्यासाठी आधीच्या पायरीचे प्रमाणपत्र हाती असावे लागे, आणि रूटिंग-स्विचिंग शाखेत तर बिघाडशोधाची म्हणजे ट्रबलशूटिंगची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागे. आता पूर्वअट उरलेली नाही. एक मुख्य विषयाची आणि एक निवडीच्या विषयाची, अशा दोन परीक्षा दिल्या की सीसीएनपी मिळते. तीन ते पाच वर्षांचा अनुभव असावा असे सुचवलेले असते, पण ती सूचना आहे, सक्ती नाही. अनुभवी माणसाला खालच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागू नयेत, हा त्यामागचा हेतू मला पटतो. मात्र ज्याने अजून एकाही चालू नेटवर्कला हात लावलेला नाही, त्यालाही हे दार उघडे झाले आहे, आणि त्या दाराशी डम्प विकणारे उभे आहेत.

डम्प म्हणजे काय, हे या क्षेत्राबाहेरच्या वाचकांसाठी, विशेषतः मुलांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या पालकांसाठी सांगणे आवश्यक आहे. परीक्षेत विचारले गेलेले खरे प्रश्न चोरून, उत्तरांसह संकलित करून विकले जातात. त्या संकलनाला डम्प म्हणतात. परीक्षा देताना प्रत्येक उमेदवार प्रश्न गुप्त ठेवण्याचे लेखी मान्य करतो, त्यामुळे डम्प तयार करणे हा उघड करारभंग आहे, आणि त्यावरून परीक्षा दिल्याचे सिद्ध झाल्यास मिळालेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. परंतु मला शिक्षेच्या भीतीपेक्षा अधिक खंत वाटते ती वाया गेलेल्या महिन्यांची. डम्प पाठ करण्यासाठीही रात्री जागवाव्याच लागतात. तोच वेळ राउटरसमोर, म्हणजे नेटवर्कमधील माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्रासमोर, बसून घालवला असता तर विद्या पदरी पडली असती. शिवाय ही प्रमाणपत्रे तीन वर्षांसाठीच वैध असतात. त्यानंतर पुन्हा परीक्षा देऊन किंवा मान्यताप्राप्त प्रशिक्षणातून ठरावीक क्रेडिट मिळवून त्यांचे नूतनीकरण करावे लागते. तेव्हा पाठ केलेली उत्तरे कालबाह्य झालेली असतात आणि मधल्या काळात काम शिकून घेतले नसेल, तर उमेदवार पुन्हा सुरुवातीच्याच जागी उभा असतो.

पाठांतर आणि आकलन यांतला फरक किती ठळकपणे दिसतो, याचे एक उदाहरण देते. मुलाखतीत मी अनेकदा दोन राउटर जोडून ठेवते. दोघांवर ओएसपीएफ हा रूटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची नियमपद्धत, सुरू असतो. जोडणी चालू आहे, पिंगला (समोरचे यंत्र पोहोचते का हे तपासणाऱ्या हाकेला) उत्तर येते, हॅलो पॅकेटही (ओळख देणारे छोटे संदेश) इकडून तिकडे जातात, पण दोन राउटरांमधला शेजारसंबंध पूर्ण होत नाही; अवस्था एक्सस्टार्टवर, म्हणजे माहितीच्या देवाणघेवाणीच्या आरंभीच्या टप्प्यावर, अडकून राहते. कारण एवढेच असते की एका बाजूचा एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवता येणाऱ्या पॅकेटची कमाल मर्यादा, १५०० आहे आणि दुसऱ्या बाजूचा ९०००. ओएसपीएफच्या डेटाबेसची माहिती देणाऱ्या पॅकेटमध्ये हा आकडा नोंदलेला असतो, आणि लहान मर्यादा असलेला राउटर मोठ्या मर्यादेचे पॅकेट स्वीकारत नाही. डम्पवर वाढलेला उमेदवार येथे हमखास अडखळतो. तो एरिया (नेटवर्कचा विभाग) क्रमांक तपासतो, हॅलो पॅकेटचे टायमर तपासतो, पासवर्ड तपासतो, शेवटी प्रक्रिया बंद करून पुन्हा सुरू करतो. वस्तुतः अवस्था एक्सस्टार्टपर्यंत पोहोचली याचाच अर्थ एरिया आणि टायमर जुळलेले आहेत, हे त्याच्या ध्यानात येत नाही. काहींना उत्तर पाठ असते. ते एमटीयू दुर्लक्षित करण्याची कमांड तत्काळ टाइप करतात, शेजारसंबंध जुळतो आणि ते समाधानाने माझ्याकडे पाहतात.

माझा पुढचा प्रश्न तेथूनच सुरू होतो. ही कमांड दिल्यावर उद्या काय होईल? एका तरुण मुलीने याचे दिलेले उत्तर मला आजही आठवते. ती म्हणाली, "मॅडम, ओएसपीएफ सुरू होईल, पण दोन्हीकडचे एमटीयू वेगळेच राहतील. लहान पॅकेट जातील, मोठी वाटेत पडतील, आणि वापरणारा म्हणेल की साइट उघडते पण फाइल जात नाही. मी आधी विचारेन की एका बाजूला ९००० का ठेवले आहे." तिच्याकडे त्या वेळी फक्त प्राथमिक पातळीचे प्रमाणपत्र होते. घरच्या संगणकावर आभासी राउटर चालवून ती सराव करत असे आणि वायरशार्क हे पॅकेट टिपून दाखवणारे सॉफ्टवेअर उघडून एकेक पॅकेट वाचत असे. आम्ही तिची निवड केली आणि पुढे तिने प्रगत प्रमाणपत्रही मिळवले. त्या प्रमाणपत्रामागे काय आहे, हे सांगण्यासाठी तिला कोणाच्याही शिफारशीची गरज पडली नाही.

अशा तयारीची साधने आज सहज मिळतात. पूर्वी सरावासाठी खरे राउटर आणि स्विच गोळा करावे लागत किंवा भाड्याने वापरावे लागत. आता जीएनएस३, ईव्ही-एनजी किंवा सिस्कोचे स्वतःचे मॉडेलिंग लॅब्ज या आभासी राउटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने पुरेशी मेमरी असलेल्या एका संगणकावर दहा-पंधरा राउटरांचे जाळे उभे करता येते. अडचण साधनांची नसून सरावाच्या पद्धतीची आहे. बहुतेक विद्यार्थी पुस्तकातील आकृती उभी करतात, दिलेल्या कमांड टाइप करतात, पिंगला उत्तर आले की पुढच्या धड्याकडे वळतात. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. चालू झालेले नेटवर्क मुद्दाम बिघडवावे, मित्राला बिघडवायला सांगावे आणि नेमके काय केले ते न विचारता शोधून काढावे. ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी हे दोन रूटिंग प्रोटोकॉल दोन ठिकाणी एकमेकांत मिसळावेत, मार्ग गोल फिरू लागलेला पाहावा आणि मग मार्गांना टॅग (ओळखखूण) लावून तो थांबवावा. प्रोटोकॉलांना विश्वासार्हतेचे क्रमांक (क्रमांक जितका लहान, तितका विश्वास अधिक) का दिलेले असतात, ईआयजीआरपीचे स्वतःचे मार्ग ९० आणि बाहेरून आलेले १७० असे का धरले जातात, हे एकदा असा गोल फिरणारा मार्ग सोडवल्यावर आयुष्यभर विसरले जात नाही. हे सारे करताना वही जवळ असावी आणि दुरुस्ती करण्याआधी आपला तर्क त्यात लिहावा. तर्क चुकला तर तो कोठे चुकला, हेही लिहावे.

हा आग्रह कोणाला पंतोजीपणाचा वाटेल. पण प्रगत प्रमाणपत्र हाती आल्यावर माणसाच्या हाती ज्या कमांड येतात, त्यांची पोच किती लांबवर असते हे लक्षात घ्यावे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद पडले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारे मुख्य जाळे तुटले होते. अशा कमांड अडवणारी तपासणी यंत्रणा होती, पण तिच्यातील दोषामुळे ती कमांड अडली नाही. मग कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांनी) आपले बीजीपी मार्ग, म्हणजे इंटरनेटवरील इतर जाळ्यांना कळवलेल्या वाटा, मागे घेतले आणि बाहेरच्या जगासाठी ती सारी ठिकाणे नाहीशी झाली. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीच्या नेटवर्कमध्ये मार्गांची माहिती मर्यादित ठेवणारा एक फिल्टर काढला गेला, मार्गांचा लोंढा मुख्य राउटरांवर आदळला आणि लक्षावधी ग्राहकांचे फोन व इंटरनेट बंद पडले. आपत्कालीन सेवेला फोन लावणेही अनेकांना अशक्य झाले. ही दोन्ही जाळी जाणकार माणसेच सांभाळत होती. जेथे जाणकारांच्या हातूनही असे घडू शकते, तेथे पाठांतरावर पुढे आलेल्या माणसाला बसवणे हा सर्वांच्याच सुरक्षिततेशी खेळ आहे.

करिअरच्या दृष्टीनेही एक बाब स्पष्ट करायला हवी, कारण लेखात तिचा उल्लेख ओझरता आला होता. नेटवर्क उपकरणे विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या कंपन्यांना उत्पादकाकडून भागीदारीचा वरचा दर्जा हवा असेल, तर ठरावीक प्रमाणपत्रे असलेले कर्मचारी ठेवावे लागतात. प्रमाणपत्र मिळताच पगारवाढ मिळते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. त्यात गैर काही नाही आणि तरुणांनी या संधीचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु कंपनीला तुमच्या नावापुढच्या प्रमाणपत्राची गरज असणे आणि तुमची गरज असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गरजेवर मिळालेले स्थान दुसरा प्रमाणपत्रधारक आला की डळमळते. रात्री नेटवर्क बंद पडल्यावर ज्याला फोन केला जातो, त्याचे स्थान तसे डळमळत नाही. आता तर सिस्कोने आपल्या परीक्षांत पायथन ही प्रोग्रामिंग भाषा, एपीआय (प्रोग्रामने उपकरणांशी बोलण्याची सोय) आणि ऑटोमेशनही आणले आहे. म्हणजे एक चुकीची ओळ एका राउटरवर न जाता एकाच वेळी शेकडो राउटरांवर जाऊ शकते. त्यामुळे प्रोटोकॉलची पक्की समज असण्याची आवश्यकता आता पूर्वीपेक्षा वाढली आहे, असे माझे ठाम मत आहे.

दोष केवळ विद्यार्थ्यांना देणे मात्र अन्यायाचे होईल. नोकरभरती करणाऱ्यांनी जाहिरातीत प्रगत प्रमाणपत्राची अट घालायची आणि मुलाखतीत व्याख्या विचारायच्या, असे चालू राहिले तर डम्पचा बाजार फोफावणारच. ज्या पदावर फक्त स्विचचे पोर्ट सुरू-बंद करायचे आणि तक्रारी नोंदवायच्या, तेथे सीसीएनपीची अट कशासाठी? अशी अट पाहूनच घाबरलेला नवखा मुलगा आडवाटेला लागतो. त्याऐवजी उमेदवाराला एक बिघडलेले छोटे नेटवर्क द्यावे, तासभर द्यावा, हवी ती पुस्तके आणि इंटरनेटही वापरू द्यावे आणि तो कसा विचार करतो ते शेजारी बसून पाहावे. यासाठी फारसा खर्च येत नाही. मुलाखत घेणाऱ्याला तेवढा वेळ बाजूला काढावा लागतो, इतकेच. आणि जे कर्मचारी नोकरी सांभाळून अशा परीक्षांची तयारी करत आहेत, त्यांना आठवड्यातून काही तास कामाच्या वेळेत सरावासाठी द्यावेत. त्या तासांचा लाभ शेवटी कंपनीच्याच नेटवर्कला होतो.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. यापुढे अशा परीक्षांची माहिती देताना प्रशिक्षण वर्गात प्रवेश घेण्यापूर्वी काय विचारावे, हेही कृपया छापावे. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने लॅब करायला किती वेळ मिळतो, शिकवणाऱ्याने स्वतः चालू नेटवर्कवर काम केले आहे का, वर्गात बिघाड शोधण्याचा सराव होतो की फक्त कॉन्फिगरेशनचा, आणि "उत्तीर्ण होण्याची हमी" दिली जात असेल तर ती कशाच्या आधारावर, हे प्रश्न पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी पैसे भरण्यापूर्वी विचारले पाहिजेत. हमीच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही, तर त्या वर्गात नाव घालू नये.

कळावे.

आपली विश्वासू,
एक नेटवर्क अभियंता